शांत झालेली दाढ

आमच्या वाडीत माणूस म्हातारा झाला हे केसांवरून कुणी ठरवत नसे, फणसावरून ठरवत. कापा फणस चावून खायचा असतो, त्याचा गरा दाताखाली करकर वाजतो. बरका नुसता गिळायचा, त्याला दात लागत नाहीत. मे महिन्यात अंगणात फणस फोडायला घेतला की प्रत्येकजण आपापल्या फणसाजवळ जाऊन बसे. जन्मभर काप्यावर ताव मारणारा माणूस एखाद्या वर्षी गुपचूप बरक्याकडे सरकला, की बायका एकमेकींकडे बघत आणि त्या दिवसापासून त्याच्याशी जरा जपून बोलत. पन्नाशी गाठायच्या आत बरीच मंडळी सरकलेली असत. मी साठी ओलांडली आहे आणि माझे दात, एक सोडला तर, सगळे जागच्या जागी आहेत, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते. बढाई वाटली तर वाटू दे. ज्या घरात मी वाढले त्या घरात ही बढाई मारण्यासारखीच गोष्ट होती.

लांज्याहून आत शिरून, कातळ ओलांडून खाली उतरलं की आमची वाडी. घरात आम्ही तिघीच. बाबा मुंबईला गोदीत कामाला, ते मे महिन्यात येत आणि पाऊस सुरू व्हायच्या आत परत जात. उरलेलं वर्ष आईचं, माझं आणि आत्याचं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, भागाआत्या. लवकर विधवा होऊन ती माहेरी आली आणि घराचा कारभार तिने असा हातात घेतला, की बाबासुद्धा सुट्टीवर आले की तिला विचारून अंघोळीला जात. सकाळी मला जाग यायची ती मशेरीच्या वासाने. आत्या तव्यावर तंबाखू करपवायची आणि तिची काळी पूड डबीत भरायची. मग दोघी पायरीवर बसून बोटाने ती दातांना लावत बसत. दोघींची बोटं तोंडात असल्यामुळे दिवसातला तेवढाच वेळ घरात शांतता असे. त्या पुडीने दात बळकट होतात, अशी त्यांची पक्की समजूत होती. आत्याच्या तोंडात त्या वेळी एकही दात शिल्लक नव्हता, तरीही समजूत पक्की होती. ती हिरड्यांना मशेरी लावायची.

आई तेव्हा चाळिशीची. तिच्या डाव्या बाजूच्या खालच्या दाढा एकेक करून गेल्या होत्या. दुखली की काढायची, हा आमच्याकडचा सरळ हिशोब होता. उजव्या बाजूला मात्र खालची एक मोठी दाढ आणि तिच्यावर टेकणारी वरची एक, अशी एक जोडी राहिली होती. आईचं सगळं खाणं त्या जोडीवर चाले. आणि आई खाणारी बाई होती. निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील, तांदळाची कडक भाकरी, चुलीत भाजलेल्या आठळ्या, काजूची ओली बी सोलून, सुकी भाजून, जशी मिळेल तशी. ती चावताना डोळे अर्धवट मिटून घेई आणि उजवा गाल हलत राही. दिवसभर शेतात आणि लोकांच्या काजूच्या बागांत राबणारी ही बाई स्वतःसाठी म्हणून काही करत असेल तर ते तेवढंच. ती दाढ गेली असती तर आई चाळिसाव्या वर्षी बरक्याकडे सरकली असती.

आता आत्याच्या विद्येबद्दल सांगायला हवं. आत्या दाताची कीड काढायची. आसपासच्या वाड्यांतून माणसं गालाला फडकं बांधून आमच्या पायरीवर येत. परातीत पाणी घेऊन मध्ये कौलाचा तुकडा ठेवायचा, त्यावर निखारा, निखाऱ्यावर तेलात घोळवलेल्या भुईरिंगणीच्या बिया. त्यावर भोकाची करवंटी पालथी घालायची आणि भोकात पपईच्या देठाची पोकळ नळी खोचायची. नळीचं दुसरं टोक दुखऱ्या दाढेजवळ धरून माणसाने तोंड उघडं ठेवायचं. बिया तडतडत, धूर नळीतून तोंडात जाई, लाळ परातीत गळे आणि थोड्या वेळाने आत्या करवंटी उचलून पाण्यात बोट दाखवी. पाण्यावर बारीक पांढऱ्या अळ्या तरंगत असत. बघणाऱ्यांच्या तोंडून ‘आई गं’ निघे. ही विद्या आत्या सासूकडून शिकली होती. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर घरातले देव गेले, तसा तिच्या तोंडातला मंत्रही गेला. बिया राहिल्या. कुणी टोकलं तर ती ठसक्यात म्हणे, “मंत्र नाय, तंत्र नाय. झाडाचं औषध हाय ह्ये.” त्याबद्दल ती कुणाकडून काही घेत नसे. तिला मान हवा होता आणि तो तिला भरपूर मिळे.

मी रत्नागिरीला कॉलेजात होते, मुलींच्या वसतिगृहात राहायचे आणि शनिवारी घरी यायचे. थंडीतल्या अशाच एका शनिवारी बघते तर आई चहाचा कप हातात घेऊन नुसतीच बसलेली. घोट घेतला की उजवा गाल धरायची आणि गाल धरून कितीतरी वेळ तशीच राहायची. चहा पोटात जाऊन थंड झाला असेल तरी कळ जात नव्हती. मग तिने तांब्यातलं गार पाणी तोंडात घेतलं आणि गाल फुगवून बसली. पाणी तोंडात असेपर्यंत बरं वाटायचं, ते कोमट झालं की पुन्हा कळ. जमिनीला पाठ टेकली की ठणका वाढायचा, म्हणून ती भिंतीला टेकून झोपत होती. मी विचारलं तर म्हणाली, “काय नाय गो, वाईच ठणकतंय. वन्सं बिया लावनार हायत.”

आत्याने बिया लावल्या. परातीत अळ्या निघाल्या, त्यातली एक तर आत्याच्या मते दाढेतली मुख्य होती. आईच्या डोळ्यांतून धुराने पाणी वाहत होतं आणि ती मान हलवून बरं वाटतंय असं सांगत होती. पण ठणका पुढचे कितीतरी दिवस तसाच राहिला. आत्याने पुन्हा बिया लावल्या, लवंग लावली, रुईचा चीक लावायला निघाली तेव्हा आईनेच हात धरला. आणि मग एका सकाळी आई उठली ती हसतच. ठणका गेला होता. नुसता कमी झाला नव्हता, पार गेला होता. गरम चहा प्यायली, काही नाही. गार पाणी प्यायली, काही नाही.

त्या शनिवारी मी घरी गेले तर घरात सण होता. आत्याने स्वतः बोंबील भाजले होते, हर्णैकडचे, चांगले लांबलचक. बोंबील भाजल्याचा वास पार कातळापर्यंत आला होता. आत्या चुलीपुढे बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, “सुमनची दाढ शांत केली. वाडीतल्या दाढा शांत केल्या, आता घरातली केली.” आई उजव्या गालाने बोंबील चावत होती, डोळे अर्धवट मिटलेले. मीही खूश झाले. आपली आत्या थोर आहे, असं मला त्या दिवशी मनापासून वाटलं.

पुढच्याच आठवड्यात वसतिगृहात दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. गावात त्या नव्यानेच आल्या होत्या. उंच, सावळ्या, बोलताना बांगडी मागे सारायची सवय. आम्हा मुलींना ओळीने उभं करून त्यांनी प्रत्येकीचं तोंड बघितलं आणि मग जेवणाच्या खोलीत बाकावर बसवून बोलायला लागल्या. मुली कंटाळल्या होत्या, मीही. पण त्या म्हणाल्या, “गार पाणी लागलं, झणका आला आणि लगेच गेला, तर फार घाबरू नका, पण दाखवून घ्या. गरम लागलं आणि कळ मागे रेंगाळली, कप खाली ठेवला तरी जाईना, आडवं झाल्यावर वाढली, तर दाताच्या आतली नस सुजलेली असते.” माझ्या डोळ्यांसमोर आईचा कप आला. मी विचारलं, “आणि मग आपोआप थांबली तर?” डॉक्टरीणबाईंनी बांगडी मागे सारली. “तर बहुतेक नस मेली. लोकांना वाटतं बरं झालं. तीच खरी धावत यायची वेळ. दाताचा रंग काळवंडलाय का बघा. हिरडीवर पुळीसारखं काही येतंय का बघा. चमच्याने हळूच ठोकून शेजारच्या दातांपेक्षा वेगळं वाटतंय का बघा. नस मेली तरी दात वाचवता येतो. मुळापर्यंत आतून साफ करून भरता येतो.” हे शेवटचं वाक्य मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. दात काढतात एवढंच आम्हाला माहीत होतं. वाचवतात ही नवीच बातमी होती.

घरी आल्या आल्या मी आईला अंगणात उजेडाला बसवलं आणि ‘आ’ करायला लावलं. दाढ शेजारच्या दातापेक्षा करडी दिसत होती. मशेरीमुळे सगळेच काळपट, पण हा करडेपणा आतून आलेला होता. खाली हिरडीवर मुगाच्या दाण्याएवढी पुळी होती. आई म्हणाली, “ती येते न् फुटते. तोंड खारट होतं वाईच. दुकत नाय.” मी चमच्याच्या देठाने शेजारच्या दातावर टकटक केलं, आई गप्प. दाढेवर केलं आणि तिने माझं मनगट घट्ट धरलं. तेवढ्यात आत्या गवताचा भारा घेऊन आली आणि दारातच उभी राहिली.

“काय चाललाय?”

“दाढ बरी नाही झालेली, आत्या. आतून मेलीय. रत्नागिरीला दाखवायला हवी.”

आत्याने भारा खाली टाकला. “माज्या हातनं शांत झालेली दाढ हाय ती. अळ्या तू तुज्या डोल्यांनी बगितल्यास. शेरात चार बुकं वाचलीस न् आता आत्याची परीक्षा घेतेस व्हय गो?” ती मागच्या दाराने निघून गेली आणि त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. आई माझ्यावरच चिडली. “कशाला बोललीस? दुकत नाय तर काय करायचाय? वन्सं किती मायेनं करतात.” माझा स्वभाव तेव्हाही असाच होता, आता आहे तसाच. कुणी गप्प बस म्हटलं की माझं डोकं जास्त चालतं. आणि माझ्या डोक्यात आत्याच्या अळ्या वळवळायला लागल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या पाणंदीने शेतावर गेली होती आणि आई भांडी घासायला ओढ्यावर. मी परात काढली. कौलाचा तुकडा, निखारा, बिया, करवंटी, नळी, सगळं आत्या करते तसं मांडलं. नळी मात्र कुणाच्याच तोंडात दिली नाही. तिचं टोक हवेत होतं. बिया तडतडल्या, धूर वर गेला. करवंटी उचलली आणि पाण्यात बघितलं. बारीक पांढऱ्या अळ्या तरंगत होत्या. बिया फुटून आतले कोंब उडत होते आणि पाण्यात पडत होते, बस्स. मला हसू यायला हवं होतं. पण आलं नाही. कारण मी मान वर केली तर चौकटीत आत्या उभी होती. विळा विसरला म्हणून परत आली होती.

ती जवळ आली, वाकली, परातीत बघितलं. “कुनाची काढलीस?”

“कुणाची नाही, आत्या.”

आत्याने खोलीभर नजर फिरवली, जणू कुणी तोंड पुसत कोपऱ्यात बसलेलं असेल. मग ती परातीपाशी खाली बसली. बोटाने एक अळी उचलून तळहातावर घेतली, दोन बोटांत चुरडली, वास घेतला. निखारा पाण्यात सरकून चर्र वाजला. मला वाटलं, आता एक सणसणीत थोबाडीत बसणार. पण आत्या जे बोलली ते मी आजपर्यंत विसरले नाही. “मग दुकायची थांबते ती कशानं गो?” तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. इतक्या लोकांच्या दाढा तिच्या पायरीवर थांबल्या होत्या, हे तर खोटं नव्हतं. मी म्हटलं, “ते मला नीट सांगता येणार नाही. डॉक्टरीणबाई सांगतील.” आत्या उठली, परात बाहेर नेऊन माडाच्या मुळाशी ओतली आणि आत येऊन म्हणाली, “उद्याच्या एसटीनं जाव. मी पन येतेय. मना विचारायचाय.”

अशा आम्ही तिघी निघालो. आई खिडकीशी, पदर तोंडाला लावून, तिच्या मनात एकच धास्ती की तिथे गेल्यावर दाढ काढतील. आत्या तिच्या शेजारी नवं लुगडं नेसून ताठ बसलेली, जशी एखाद्या सभेला चालली आहे. दवाखाना एका दुकानाच्या वर होता, लाकडी जिना, वर गेलं की स्पिरिटचा वास. आईला खुर्चीत बसवलं तर तिने दोन्ही हातांनी खुर्चीचे हात असे पकडले, जणू खुर्ची सुटून पळून जाईल. डॉक्टरीणबाईंनी गरम चहाचं, गार पाण्याचं, आडवं झाल्यावरच्या ठणक्याचं, सगळं विचारलं. थंड औषधात भिजवलेला कापूस दाढेला लावला, आईला काहीच कळलं नाही. शेजारच्या दाताला लावला, ती दचकली. ठोकून बघितलं, पुळी दाबून बघितली. मग आतल्या खोलीत नेऊन दाढेचा फोटो काढला आणि एवढीशी फिल्म धुऊन खिडकीशी धरली. मुळांच्या टोकाशी हाडात एक काळी सावली होती. मला वाटलं संपलं सगळं.

डॉक्टरीणबाई बोलायच्या आत आत्या पुढे सरकली. “बाई, मना सांगा. मी बिया लावल्या. दुकायची थांबली. ती कशानं थांबली?” डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, हे मी त्यांचं मोठेपण समजते. त्या म्हणाल्या, “मावशी, दाताच्या आत जिवंत नस असते. कीड आत पोचली की ती सुजते. आत जागा नाही, म्हणून सुजली की ओरडते. तोच ठणका. काही दिवसांनी ती मरते. मेली की ओरडणं थांबतं. पण तिथली घाण मुळाच्या टोकातून हाडात उतरत राहते. ही पुळी म्हणजे तिने शोधलेली वाट. तुमच्या बिया लावल्या नसत्या तरी ती थांबलीच असती.”

आत्या ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरून मला कळत होतं की ती माणसं आठवते आहे, गालाला फडकी बांधून आलेली आणि हसत गेलेली. शेवटी ती म्हणाली, “मंजे गप झाली, ती बरी झाली म्हनून नाय.” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “नाही, मावशी.” मग त्या आईकडे वळल्या. काढली तर आजच सुटका. वाचवायची तर बऱ्याच खेपा घालाव्या लागतील, आणि हाडाला लागण झाल्यामुळे खात्री देता येत नाही. पण मुळं मजबूत आहेत, प्रयत्न करण्यासारखी आहे. आईने पदराने तोंड पुसलं. ती ‘काढा’ म्हणणार हे मला स्पष्ट दिसत होतं. लोकांना त्रास नको, खेपा नकोत, आपल्यासाठी कुणाला काही पडायला नको, हा तिचा जन्माचा स्वभाव. तिने तोंड उघडलं. पण बोलली आत्या.

आत्याने खुर्चीपाशी जाऊन आपलं तोंड उघडून दाखवलं. सगळ्या हिरड्या, काळ्या, गुळगुळीत. “बगा बाई. ह्यात एक पन नाय. मी माज्या हातानं सगल्या शांत केल्या न् एकेक करून काडून टाकल्या. हिची काडू नका. हिला बोंबील आवडतो. मी हिला आनीन दर खेपेला, चालवत आनीन. पन हिची वाचवा.” आई रडायला लागली. खुर्चीत बसून, तोंड उघडं, हात खुर्चीला घट्ट धरलेले, तशी रडत होती. मी खिडकीशी तोंड करून उभी राहिले, कारण मलाही रडू आलं होतं आणि ते डॉक्टरीणबाईंना दिसायला नको होतं.

पहिल्याच बैठकीत दाढ वरून उघडली तेव्हा जो वास आला तो खोलीभर पसरला. आत्या खुर्चीच्या मागे उभी होती. ती हळूच म्हणाली, “ह्यो वास माज्या वळखीचा हाय.” पायरीवर कितीजणांच्या तोंडातून तो तिला आला होता. त्यानंतर तिने प्रत्येक खेपेला डॉक्टरीणबाईंचं काम डोळ्यांत तेल घालून बघितलं. केसांसारख्या बारीक सुया, मुळात आत-बाहेर, आत-बाहेर. मध्ये औषध घालून तात्पुरतं बुजवायचं आणि पुढच्या खेपेला पुन्हा उघडायचं. आई भूल चढली की डोळे मिटून घ्यायची. तिला काही दुखत नाही याचंच तिला सारखं आश्चर्य वाटे. एका खेपेला डॉक्टरीणबाईंनी आरशात आईला तिची हिरडी दाखवली. पुळी गेली होती, तिथे साधी गुलाबी हिरडी होती. आत्याने चष्मा नसलेले डोळे बारीक करून बघितलं आणि माझ्या पाठीत धपाटा घातला. त्या धपाट्यातलं प्रेम मला लागलं ते लागलंच, पाठही दोन दिवस दुखली. शेवटी मुळं भरली, वर चकचकीत टोपी बसवली आणि डॉक्टरीणबाईंनी आईला बजावलं की सावकाश सुरू करा.

बाबा मे महिन्यात आले तेव्हा अंगणातल्या झाडावरून कापा उतरवला. तेल लावलेल्या विळ्याने बाबांनी तो फोडला, चीक काठीला गुंडाळला, गरे परातीत काढले. तीच परात. वाडीतली बरीच माणसं जमली होती, कारण आत्याने येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून ठेवलं होतं. आई ओशाळून नको नको म्हणत होती. आत्याने सगळ्यांत मोठा गरा निवडला, आठळी काढली आणि आईच्या हातात दिला. “उजवीकडनं,” आत्या म्हणाली. आईने गरा तोंडात घातला. अंगणात एवढी शांतता की खालच्या ओढ्याचं पाणी ऐकू यावं. मग करकर वाजलं. आईने डोळे अर्धवट मिटले, उजवा गाल हलायला लागला, आणि बाबांनी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. आईने तोंड भरलेलं असतानाच हात हलवून गप्प व्हायला सांगितलं आणि हसली, तेव्हा आतली टोपी उन्हात लखकन चमकली. मी आयुष्यात बऱ्याच सभा आणि सत्कार बघितले, शिक्षिका म्हणून माझेही झाले. पण टाळ्या मला आठवतात त्या त्याच.

आत्याची पायरी बंद पडली नाही. मला वाटलं होतं ती आता या कामातून अंग काढून घेईल, पण आत्या तसली नव्हती. तिने करवंटीला काठी खोचून वाढायचा डाव केला आणि रिंगणीची झुडपं कुंपणाला राहू दिली. माणसं गाल धरून येतच राहिली. आत्या त्यांना पायरीवर बसवी, चमच्याच्या देठाने एकेक दात ठोके, हिरडी बघे आणि विचारे, “गरम लागलं तर कल ऱ्हाते का जाते?” कुणी सांगितलं की आता शांत झाली, की ती उभी राही. “शांत झाली? मग बसलास काय! ऊठ, एसटी धर.” पहिल्यांदा लोक हसले. मग आईचं तोंड बघून गेले. आईला त्या काळात किती वेळा ‘आ’ करावं लागलं याला गणती नाही, पाव्हणे आले की चहाच्या आधी दाढ दाखवली जाई. डॉक्टरीणबाई मला पुढे भेटल्या तेव्हा म्हणाल्या, तुमच्याकडचे लोक येतात ते आल्या आल्या सांगतात, आमच्या दाढेची नस मेलीय, भागाआत्याने ठोकून सांगितलंय. आणि बहुतेक वेळा तसंच निघतं.

मशेरी मात्र तिने सोडली नाही. मी पुष्कळ भांडले. ती म्हणायची, “दात नायत, आता काय बिगडनार हाय?” त्यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण आत्याला उत्तर देऊन कुणी जिंकलेलं नाही. आईने मात्र टोपी बसली त्या दिवशी डबी चुलीत टाकली.

आत्या गेली त्याला आता खूप वर्षं झाली. आई माझ्याकडे रत्नागिरीत असते. ऐंशी उलटली, वर कवळी आहे, खाली मोजकेच दात आणि ती दाढ. टोपी मध्ये एकदा बदलली. नव्या डॉक्टरांनी विचारलं, आजी, पांढरी बसवू का, दिसणार नाही. आई म्हणाली, दिसू दे. गेल्या मे महिन्यात आम्ही सगळे वाडीवर गेलो. माझ्या सुनेने फणस फोडला आणि आजींना त्रास नको म्हणून बरक्याचे गरे एका वाटीत घालून, वर चमचा ठेवून, प्रेमाने तिच्यापुढे ठेवले. आईने वाटी एका बोटाने माझ्या बाजूला सरकवली.

“ह्ये म्हाताऱ्यांना दे,” ती म्हणाली. “मना कापा आन.”